स्कॉटलंड दोघांनी कसं फिरावं: आधी बोटीचं वेळापत्रक, मग बाकी सगळं

गेली बारा वर्षं मी उत्तर इंग्लंडमध्ये राहते आणि जवळजवळ दर उन्हाळ्यात कोणाला तरी घेऊन स्कॉटलंडला जाते. कधी नवरा, कधी आई, कधी पुण्याहून आलेली मावशी. पण जातो दोघंच. पाहुणा येताना बहुतेक वेळा तयार कार्यक्रम घेऊन येतो: आठ दिवसांत एडिंबरा, ग्लासगो, इनव्हर्नेस, स्काय, मल्ल, आयोना. असा कागद पाहिला की मला राग येतो, कारण त्यात समुद्र धरलेलाच नसतो. दोन बेटांमधलं अंतर पुणे-सातारा असल्यासारखं तासांत मोजलेलं असतं. खाली जे लिहिते आहे ते दहा दिवसांच्या, दोन माणसांच्या, पहिल्या सहलीसाठी आहे.

१. महिना

मे किंवा जून. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत आलात तर उत्तमच. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर बऱ्यापैकी ऊन असतं, पफिन पक्षी बेटांवर आलेले असतात आणि चिलटांचा त्रास सुरू व्हायचा असतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. ऑगस्टमध्ये एडिंबरात १९४७ पासून चालत आलेले महोत्सव भरतात. नाटकं बघायला जाणार असाल तर जरूर जा, नाहीतर त्या महिन्यात खोलीचा भाव ऐकूनच सहल नकोशी होईल.

२. व्हिसा

युनायटेड किंग्डमचा लागतो, शेंगेन चालत नाही. अर्ज प्रवासाच्या ३ महिने आधीपासून करता येतो.

३. बेट एकच निवडा

स्काय आणि मल्ल ही दोन्ही बेटं दहा दिवसांत कोंबू नका. स्कायला १९९५ पासून पूल आहे, पण तिथे गाडीशिवाय फिरणं जिकिरीचं होतं. पहिल्या खेपेला मी मल्लच सांगते. तिथे बसने फिरता येतं, आणि त्याच्या टोकाला आयोना आणि स्टाफा ही दोन छोटी बेटं आहेत, ज्यांच्यासाठी एवढ्या लांब यायचं.

४. बोट

सगळं अडतं ते इथेच, म्हणून सविस्तर सांगते. मार्ग असा: ग्लासगोहून आगगाडीने ओबन, साधारण तीन तास. ओबनहून मोठ्या बोटीने मल्लवरचं क्रेग्नूर, पाऊण तासाच्या थोडं वर. ही आपल्या मांडव्याच्या रो-रोसारखीच, पोटात गाड्या घेणारी बोट. या किनाऱ्यावरच्या बहुतेक फेऱ्या कॅल्मॅक ही बोटकंपनी चालवते. क्रेग्नूरहून बसने बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे ६० किलोमीटर, सव्वा तास. त्या गावाचं नाव इंग्रजीत वाचलं तर फिओनफोर्ट वाटतं, पण विचारताना ‘फिनाफर्ट’ म्हणा. तिथून लहान बोटीने दहा मिनिटांत आयोना.

कागदावर हे एका दिवसात जाऊन-येऊन होतं. होतं, हे मीही नाकारत नाही. पण करू नका.

मी ते केलं होतं. आई बरोबर होती. जाण्याच्या वेळा मी नीट जुळवल्या आणि येताना बघू म्हणून सोडून दिलं. आयोना झालं, मग दुपारची स्टाफाची लाँच घेतली. परत फिनाफर्टच्या धक्क्यावर पाय ठेवला तेव्हा शेवटची बस जाऊन वीस मिनिटं झाली होती. थांब्यावर काचेमागे वेळापत्रक लावलेलं होतं; मी नखाने ओळ धरून ते तीनदा वाचलं. वाऱ्यात उभी राहिलेली आई काही बोलली नाही, शाल गुडघ्यांभोवती घेऊन नुसती बाकावर बसली. पलीकडच्या घरात नशिबाने एक खोली रिकामी मिळाली. ओबनच्या खोलीचे पैसे गेलेच, पण दुसऱ्या दिवशी दुपारी आईचं एडिंबराहून विमान होतं, तेही गेलं. सकाळची पहिली बस धरूनसुद्धा ते गाठणं शक्य नव्हतं. चूक सर्वस्वी माझी होती, वेळा छापलेल्या होत्या.

तेव्हापासून मी वेळापत्रक शेवटाकडून वाचते. आधी क्रेग्नूरहून सुटणारी शेवटची बोट लिहायची. मग तिला जोडून येणारी बस. इथे सावध राहा: धक्क्यावर बस उभी दिसते म्हणून ती सगळ्याच बोटींना जोडलेली असते असं नाही. मग त्या बसच्या आधीची आयोनाची बोट. असं मागे मागे येत सकाळपर्यंत पोचायचं. मधे तासभर तरी मोकळा उरत नसेल तर तो बेत फाडून टाका. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, त्यामुळे तारीख पाहताना वारही पाहा.

आणि बेटावर मुक्काम करा, निदान तीन रात्री. बेटावर खोल्या मोजक्याच, तेव्हा तारखा ठरल्या की विमानाच्या तिकिटाबरोबरच खोली घ्या. फिनाफर्ट किंवा आयोनात राहिलात तर उत्तम. दिवसाची गर्दी शेवटच्या बोटीने गेली की आयोना गाव एकदम शांत होतं. संत कोलंबा इथे इसवी सन ५६३ मध्ये आला आणि त्याने मठ स्थापला. संध्याकाळी त्या मठाच्या भिंतीपाशी बसलं की मेंढ्यांचा आवाज आणि समुद्र याखेरीज काही ऐकू येत नाही. एका दिवसात जाऊन येणाऱ्याला हे मिळत नाही.

तिसरी गोष्ट, वारा. जोराचा वारा सुटला की बोट रद्द होते, उन्हाळ्यातही. त्यावर हुज्जत घालून काही उपयोग नसतो. म्हणून बेटावरून आल्यावर ओबन किंवा ग्लासगोत एक पूर्ण रात्र राखीव ठेवा. बेट आणि विमान लागोपाठच्या दिवशी ठेवायचं नाही, यात मी कोणाचंही ऐकत नाही.

पायी प्रवाशांना या मोठ्या बोटीवर सहसा जागा मिळते. गाडी न्यायची असेल तर हिशोब उलटा: हॉटेलच्याही आधी बोटीवरची गाडीची जागा बुक करा आणि धक्क्यावर निदान अर्धा तास आधी रांगेत लागा. आयोनावर पाहुण्यांच्या गाड्या नेऊ देत नाहीत. भारतीय परवान्यावर वर्षभर गाडी चालवता येते, डावीकडून चालवायची सवयही असते. मात्र ऑटोमॅटिक गाडी हवी हे स्पष्ट लिहून मागा. एका ठिकाणी ते लिहून न घेतल्यामुळे आमच्या हातात गिअरची गाडी पडली होती. मल्लचे रस्ते बरेचसे एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत, समोरच्या गाडीला वाट द्यायला जागोजागी बाजूला घ्यायला जागा केलेली असते. ती डावीकडे असेल तर आत घ्या, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा. तिथे गाडी उभी करून फोटो काढत बसू नका.

५. स्टाफा

लाँच बुक करतानाच बेटावर उतरवणार आहेत का, हे विचारून घ्या. आयत्या वेळी मात्र लाटच ठरवते. बुटांचे तळवे खरखरीत हवेत, कारण फिंगलच्या गुहेकडे जाताना बेसॉल्टच्या खांबांच्या माथ्यांवरून चालायचं असतं. बहुतेक खांब षटकोनी, पावलाएवढे, ओले. मराठी माणसाला हा दगड परका नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला असेच उभे खांब आहेत, तेही लाव्हा थंड होताना तडकून झालेले. मावशीने स्टाफाच्या खांबाला हात लावला आणि म्हणाली, ‘अगं, हा आपल्या घाटातला कातळ.’ वय थोडं कमी, घडण तीच.

पफिन पाहायचे तर कड्याच्या वरच्या गवतात जाऊन गप्प बसा. माणसं बसली की ते जवळ येतात. ऑगस्टच्या सुरुवातीला ते समुद्रात निघून जातात.

६. चिलटं

जून ते ऑगस्ट, वारा पडला की संध्याकाळी ढगांनी येतात. डोक्यावर घालायची बारीक जाळी ओबनलाच घ्या. वारा असेल तेव्हा त्रास नाही.

७. आगगाडी

दोघांच्या नावाने मिळणारं ‘टू टुगेदर’ रेलकार्ड काढा. दोघं बरोबर असताना तिकिटावर एक-तृतीयांश सूट मिळते. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९:३० च्या आधी ते चालत नाही. ग्लासगोहून निघणाऱ्या काही गाड्या क्रियनलॅरिक स्टेशनात दुभागतात. एक भाग ओबनला जातो, दुसरा फोर्ट विल्यमकडे. डब्यात चढण्याआधी विचारा.

८. शहरं

एडिंबराला तीन रात्री, ग्लासगोला दोन. दोन्हींमध्ये आगगाडीने तासाभराचं अंतर. एडिंबरात आर्थर्स सीट चढा, २५१ मीटर, सिंहगड चढणाऱ्याला सहज. राष्ट्रीय संग्रहालयाला तिकीट नाही. ग्लासगो कार्यक्रमातून गाळू नका. १९०१ पासूनचं केल्विनग्रोव्ह संग्रहालय फुकट आहे, आणि पावसाच्या दिवशी तिथे संध्याकाळपर्यंत वेळ जातो.

९. परतताना

ओबनची राखीव रात्र बोट वेळेवर आल्यामुळे मोकळी मिळाली, तर गावामागच्या टेकडीवरच्या मॅकेग्ज टॉवरवर जा. तिथून मल्लचे डोंगर आणि येणाऱ्या बोटी दिसतात. सकाळच्या गाडीत डाव्या बाजूची खिडकी धरा. जाताना उजवीकडे असलेलं लॉख लोमंड हे सरोवर आता त्या बाजूला येतं.