साप दिसत नाही म्हणून उकरू नका

सुपारी ही माझी पाळलेली सापीण. ती घरी येऊन दोन आठवडे झाले होते. आईने पेटीच्या काचेला नाक लावून विचारलं, "अगो, आहे ना ती आत?" मीही रोज संध्याकाळी तिच्या लपायच्या जागेचं, म्हणजे हाइडचं, झाकण उचलून तेच बघत होते. दर वेळी ती अंगाचा गोळा करून, डोकं मध्ये खुपसून बसलेली असायची. तिसऱ्या आठवड्यात तिने उंदीर घ्यायचंच सोडलं. तेव्हा आई म्हणाली, "सांतेरीच्या रोयणीत साप असतो म्हणतात. म्हणून रोयण कोण फोडून बघतो काय?"

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, रोयण म्हणजे वारूळ आणि सांतेरी ही वारुळाच्या रूपात पुजली जाणारी आमची देवी. सुपारी आहे बॉल पायथन, म्हणजे मूळ पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली जात. हे साप तिथे दिवसभर उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत पडून असतात आणि रात्री बाहेर निघतात. आईने हे कुठे वाचलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी झाकण उचलणं बंद केलं. अठरा दिवसांनी सुपारीने पुन्हा उंदीर घेतला.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. धामण असो की मांडूळ, आपल्याकडचा रानातला साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. मी लिहितेय ते परदेशी जातींबद्दल. त्यातही बॉल पायथनसारख्या जाती सायटिस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्यामुळे त्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नसलेला साप कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

आता हाइडचं. सापाला नुसता अंधार पुरत नाही, अंगाला भिंत लागावी लागते. पाठ आणि दोन्ही बाजू टेकल्या की तो निवांत होतो, कारण घार किंवा मुंगूस तिथे पोचत नाही हे त्याच्या रक्तात आहे. मी आधी दुकानातून गुहेसारखा मोठा शोभेचा दगड आणला होता. सुपारी त्यात कधी गेलीच नाही, मागच्या कोपऱ्यात काचेला चिकटून बसायची. मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दोन सारखी मडकी आणली. मडकं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं, सकाळी हॅक्सॉच्या पात्याने काठाला अर्धगोल दार कापायचं, कडा पॉलिश पेपरने घासून बोट फिरवून बघायचं आणि ते पालथं घालायचं. दार सापाच्या सर्वांत जाड भागाच्या साधारण दीडपट हवं. आतली जागा इतकीच हवी की वेटोळं घातल्यावर अंग सगळीकडे टेकेल. साप वाढला की मडकं बदलायचं.

मडकी दोन का? एक उबदार बाजूला (बॉल पायथनला ३१ ते ३२ अंश), दुसरं थंड बाजूला (२५ ते २७). एकच ठेवलं तर सापाला ऊब की आसरा यांतलं एक निवडावं लागतं, आणि तो आसरा निवडतो. मग पचन बिघडतं आणि आपण उंदराला दोष देत बसतो. दोन्ही मडकी हुबेहूब असली की तो कुठे बसलाय त्याला अर्थ येतो. सतत उबदार मडक्यात असेल तर पेटी गार आहे, सतत थंड बाजूला असेल तर उष्णता जास्त आहे. पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बुडून राहत असेल तर हनुवटीखाली आणि डोळ्यांभोवती बारीक काळे ठिपके बघा, ते माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, असू शकतात.

सुपारी लपते, पण हळद पुरून घेते. हळद माझी केनियन सँड बोआ. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, हळदीच्या रंगावर तपकिरी ठिगळं. तिचं डोकं पाचरीसारखं, मान जवळजवळ नाही, शेपटी आखूड. बांधा सगळा जमिनीत शिरायचा. आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पावसाच्या सुरुवातीला बुंध्याशी खणताना खापरखवल्या साप निघतो, त्याचंही डोकं असंच निमुळतं. त्याच्या शेपटीचं टोक मात्र खरखरीत असतं आणि त्यावर माती चिकटून बिळाला बूच बसल्यासारखं होतं. मातीत राहणाऱ्या सापाला माती किती लागते हे मला हळद यायच्या आधीच या खापरखवल्याने दाखवलं होतं. म्हणून सँड बोआला निदान आठ ते दहा सेंटिमीटर वाळूचा थर द्या, दोन बोटांचा थर म्हणजे तिला उघड्यावर ठेवणं. मिरामार-कोलव्याच्या किनाऱ्यावरची वाळू आणू नका, तिच्यात मीठ असतं आणि ती सुकता सुकत नाही. सुतारखान्यातला बारीक भुसाही नको, त्याची धूळ श्वासात जाते. देवदाराचा तर अजिबात नको, त्याचं तेल सापांना बाधतं.

यानंतरचं मी चूक करून शिकले. निसर्गात जितकं खाली जावं तितकं गार लागतं. ऊन तापलं की साप खाली शिरतो, हे त्याचं जन्माचं ज्ञान. आपण पेटीच्या तळाशी हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, लावतो आणि हे सगळं उलटं होतं, खाली जावं तितकं गरम. डिसेंबरातल्या एका रात्री मी मॅट चालू ठेवली. तिची उष्णता आवरणाऱ्या थर्मोस्टॅटचा सेन्सर वाळूच्या वर होता आणि २९ दाखवत होता. सकाळी वाळू बाजूला करून काचेवर थर्मामीटर टेकवला तर ४४. गारवा शोधत हळद तळाशी गेली असणार. तिच्या पोटाच्या खवल्यांवर रुपयाएवढा लाल डाग होता. पशुवैद्यांच्या मलमाने आणि दोन वेळा कात टाकल्यावर तो गेला. आता पुरून घेणाऱ्या सापाला मी ऊब वरून देते. तळाशी मॅट लावणारच असाल तर ती तळाच्या एक तृतीयांश भागालाच लावा आणि सेन्सर काचेवर, वाळूच्या खाली चिकटवा. खरं तर गोव्यात वर्षातले कितीतरी महिने दिवसा मॅट लागतच नाही.

आमची खरी अडचण पावसाळा. जुलैत माझ्या खोलीतला आर्द्रतामापक ८५ ते ९० वर असतो. कोरड्या प्रदेशातल्या हळदीला हे सोसत नाही. तिचं पाण्याचं भांडं मी वाटीएवढं करते, झाकण जाळीचं ठेवते आणि दर आठवड्याला मूठभर थर तळातून काढून हुंगते. कुबट वास आला की सगळा थर बदलायचा. सुपारीला दमट हवा मानवते, पण ओली जमीन नाही. पोटाचे खवले तांबूस, फुगल्यासारखे दिसले की ती बाधा ओलीची. तेव्हा साप मडक्यात जायचं टाळून वर, कोरड्या कडेला लोंबतो. लपणारा साप लपायचा थांबला तर मला लपलेल्या सापापेक्षा जास्त काळजी वाटते. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, दिवसाढवळ्या काचेवर नाक घासत फेऱ्या, यांतलं काही दिसलं की थांबू नका, पशुवैद्यांकडे जा.

कात टाकायच्या आधी डोळे निळसर होतात, तेव्हा साप आठवडाभर गायब होणारच. ओलं मॉस (शेवाळ) घातलेला एक डबा ठेवा आणि हात लावू नका. खाल्ल्यावर दोन दिवसही तसंच.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मात्र मी फसले होते. आमच्याकडे पाहुणे, पलीकडच्या खोलीत माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची आरास) आणि रोज रात्री घुमट आरती. सुपारी अकरा दिवस मडक्यातून हलली नाही. सापाला बाहेरचा कान नसतो, पण जमिनीतली थरथर जबड्यातून आतल्या कानापर्यंत पोचते. घुमट आणि शामेळ ही तालवाद्यं एका लयीत लागली की आमची जमीन तळपायाला कळते, ती तर पोट टेकून बसलेली. पुढच्या वर्षी पेटी मागच्या खोलीत नेली, खाली फोमची जाड गादी घातली आणि त्या दिवसांत खायला दिलंच नाही. चौथ्या रात्री ती पाणी प्यायला बाहेर आली.

न उकरता साप ठीक आहे हे कसं कळणार? रात्री झोपताना वाळूचा पृष्ठभाग पोस्टकार्डाने सपाट करते, सकाळी माग दिसतो. खाल्ल्याची तारीख, विष्ठा, कात वहीत लिहिते. महिन्यातून एकदा पेटी साफ करायला साप काढावाच लागतो, तेव्हाच स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन घेते. हळदीसाठी आणखी एक गोष्ट करते. वितळवून कोमट केलेला पिंकी, म्हणजे उंदराचं पिल्लू, लांब चिमट्याने वाळूवर हलकेच फिरवायचा आणि वाट बघायची. आधी काहीच नसतं. मग मोहरीच्या दाण्यांएवढे दोन डोळे वाळूच्या पातळीवर येतात, बाकी सगळी ती खालीच. एक कण घरंगळतो. मग वाळू फुटते आणि पिंकी आत ओढला जातो. आई त्या वेळी आवर्जून स्वयंपाकघरातून येऊन उभी राहते.

काढायचंच झालं तर वरून हात घालू नका, वरून येतं ते सापासाठी घारीचं. पेटीच्या बाजूने, तळहात वर करून, वाळूतून हळू सरकवत त्याच्या पोटाखाली जा आणि थरासकट उचला. परत ठेवताना मडक्याच्या दाराशी ठेवा, आत तो स्वतः जाईल.