मोबाईलचं नेट खरंच किती पळतंय ते कसं तपासायचं

सिम पोर्ट करायचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा, विचार असेल तर थांबा, आधी तपासा. वर कोपऱ्यात ५जी दिसतंय म्हणजे नेट पळणारच असं नसतं. आमच्या गल्लीत संध्याकाळी सगळ्या काड्या फुल असतात तरी भाजीवाल्यासमोर पेमेंटचं चक्र गोल गोल फिरत राहतं, आणि पहाटे त्याच जागी व्हिडिओ लगेच सुरू होतो, कारण टॉवर तोच पण संध्याकाळी त्यावर अख्खी गल्ली असते.

आधी वर कोपऱ्यातलं नेटवर्कचं चिन्ह बघा. जी किंवा ई असेल तर २जी, एच किंवा एच प्लस म्हणजे ३जी, एलटीई म्हणजे ४जीच. ५जी आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं.

आता हिशोब, इथेच बहुतेकांची गल्लत होते. स्पीड सांगतात मेगाबिटमध्ये आणि फाईल असते मेगाबाइटमध्ये, आणि ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून आलेल्या आकड्याला ८ने भागायचं. ३ एमबीचा एक फोटो म्हणजे २४ मेगाबिट, तो ४जीवर १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) मिळत असेल तर अडीच सेकंदात जातो, आणि ई वर १०० केबीपीएस (सेकंदाला १०० किलोबिट) मिळत असेल तर तब्बल ४ मिनिटं!

मग वायफाय बंद करून ट्रायच्या, म्हणजे सरकारी टेलिकॉम नियामकाच्या, मायस्पीड अ‍ॅपवर टेस्ट घ्या, सकाळी एकदा, रात्री ९ला एकदा, आणि तुम्ही रोज जिथे बसता तिथेच घ्या, गच्चीवर जाऊन नको. नुसतं डाउनलोड बघू नका, व्हिडिओ कॉलला अपलोडही लागतं. ५जीवर एका टेस्टला शेकडो एमबी डेटा जाऊ शकतो हे लक्षात ठेवा.

आतल्या खोलीत स्पीड पडतो का? ५जीच्या ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत अडकतात, ७०० किंवा ८५० वाल्या लांब जातात आणि आतही पोचतात. सेटिंगमध्ये सिम स्टेटस उघडून सिग्नलचा आकडा बघा, उणे ८०च्या आसपास असेल तर मस्त, उणे ११५ म्हणजे रडकुंडीला आणणार. अशा वेळी प्रिफर्ड नेटवर्क ४जीवर टाकून परत टेस्ट घ्या, बऱ्याचदा तेच बरं चालतं, बॅटरीही टिकते.

शेवटी शेजारच्यांचं दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर त्यांचा फोन दहा मिनिटं मागून त्याच खुर्चीत टेस्ट घ्या, कारण एकदा पोर्ट केलं की पुढचे ९० दिवस परत बदलता येत नाही.