एकाच पासवर्डवर चाललेलं पॅकहाऊस

एमसीए संपवून मी नाशिकच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले, तेव्हा पहिलं काम मिळालं युजर मॅनेजमेंटचं. कोणाला काय दिसेल, कोण काय बदलू शकेल, एवढंच बघायचं. बरोबरच्या मुलांना डॅशबोर्ड आणि रिपोर्ट मिळाले होते, त्यामुळे मी खट्टू झाले होते. आज सहा वर्षांनी नव्याने लागणाऱ्या मुलामुलींना सांगते: हे काम वाट्याला आलं तर मनापासून घ्या. माणसं प्रत्यक्षात कसं काम करतात, हे मला यातूनच कळलं.

आमचं अ‍ॅप्लिकेशन दिंडोरी भागातल्या एका द्राक्ष पॅकहाऊससाठी होतं, जँगोमध्ये, म्हणजे वेब अ‍ॅप्लिकेशन बनवायच्या पायथनमधल्या तयार चौकटीत, लिहिलेलं. गेटवर गाडी येते, वजन होतं, शेतकऱ्याचं नाव आणि प्लॉट नोंदवला जातो, मग ग्रेडिंग, पॅकिंग, प्रीकूलिंग, कोल्ड स्टोअरेज. शेवटी हिशेब आणि पेमेंट. मी ऑफिसातून पदांची यादी मागवली. मॅनेजर, सुपरवायझर, ऑपरेटर, अकाउंटंट. चार पदं, म्हणून चार ग्रुप. जँगो प्रत्येक मॉडेलसाठी, म्हणजे वजन, पावती अशा नोंदींच्या प्रत्येक प्रकारासाठी, भर घालणे, बदलणे, काढून टाकणे आणि बघणे अशा चार परवानग्या तयार देतो. एक्सेलमध्ये तक्ता केला, टिक मारल्या, काम झालं असं वाटलं.

जानेवारीत हंगाम सुरू झाला. काट्यावरच्या मुलाने २४० किलोचे ४२० लिहिले, तर ते दुरुस्त करायला सुपरवायझरच लागायचा. सुपरवायझर कोल्ड स्टोअरेजमध्ये, तिथे मोबाईलला रेंज नाही, आणि बाहेर पिकअपची रांग. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरचा पासवर्ड मार्करने एका खोक्यावर लिहून टेबलावर ठेवलेला होता. सगळं गेट त्याच लॉगिनवर चालू.

फेब्रुवारीत एका शेतकऱ्याच्या पेमेंटवरून वाद झाला. वजन मागाहून कमी केलेलं होतं आणि नोंदीत नाव सुपरवायझरचं. मालकांसमोर ते उभे राहून मला म्हणाले, “मॅडम, मी त्या दिवशी गावाला होतो हो.” ते खरं बोलत होते. पण आमच्या सिस्टिममध्ये ते सिद्ध करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. चूक माझी होती. मी कामाला अडवणारी परवानगी ठेवली, म्हणून लोकांनी तिला वळसा घातला. लोक पासवर्ड वाटून घेतात तेव्हा त्यांना शिस्त नाही असं लगेच म्हणू नका; आधी आपण काय अडवून ठेवलंय ते बघा.

मग दोन दिवस मी गेटवर काट्याशेजारी खुर्ची टाकून बसले. ऑफिसात महिनाभरात कळलं नसतं ते तिथे कळलं. पावती छापेपर्यंत ऑपरेटरला स्वतःची नोंद दुरुस्त करता आली पाहिजे. पावती छापल्यावर जुना आकडा पुसायचा नाही. कारण लिहून दुरुस्तीची वेगळी नोंद टाकायची आणि तिला सुपरवायझरने मंजुरी द्यायची. एका कॉम्प्युटरवर तिघं काम करतात, तर प्रत्येकाला स्वतःचा छोटा पिन द्यायचा, म्हणजे माणूस बदलायला दोन सेकंद लागतील. आणि गेटवर दर दिसता कामा नये. १६ एमएम आणि १८ एमएम मण्याचा दर वेगळा असतो. कोणाला काय मिळाला हे रांगेत कळलं की भांडणं होतात.

कोडही बदलला. आधी मी जागोजागी ‘हा सुपरवायझर आहे का’ असं विचारत होते. आता ‘याला वजन दुरुस्त करता येतं का’ असं विचारते. रोल म्हणजे अशा परवानग्यांची मोट. उद्या पदाचं नाव बदललं तरी कोडला हात लावावा लागत नाही.

दुसरा धक्का एका शेतकऱ्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने दिला. शेतकऱ्यांना मोबाईलवर स्वतःच्या पावत्या दिसायच्या. त्याने फोन केला, “ताई, वरच्या वेब पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला तर शेजारच्यांची पावती उघडतेय.” दर, बँक खातं, सगळं. मी लॉगिन तपासत होते, पावती बघण्याची परवानगी तपासत होते. पावती कोणाची आहे हे तपासतच नव्हते. जँगोच्या तयार परवानग्या मॉडेलपुरत्या असतात, एकेका नोंदीचा विचार आपणच करायचा. इतरांकडूनही हे इतक्यांदा होतं, की ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१च्या धोक्यांच्या यादीत प्रवेश-नियंत्रणातला बिघाड पहिल्या क्रमांकावर आला. २०१७ साली तो पाचवा होता. बटण लपवणं म्हणजे संरक्षण नव्हे. सर्व्हरवर प्रत्येक विनंतीला तपासणी हवी. आम्ही शोधाची सुरुवातच लॉगिन केलेल्या शेतकऱ्याच्या पावत्यांपासून करू लागलो. दुसऱ्याची मागितली तर ४०४, ‘असं पान सापडलं नाही’ हे उत्तर, म्हणजे ती आहे हेसुद्धा कळत नाही. टेस्टमध्ये दोन शेतकरी ठेवले, एकाने दुसऱ्याची पावती मागायची आणि ती मिळता कामा नये. ही टेस्ट तुम्ही पहिल्या दिवशी लिहा.

सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ सालीच मांडून ठेवलंय की मुळात सगळं बंद असावं आणि कामापुरतंच उघडावं. मी ते कॉलेजात पाठ केलं होतं. समजलं काट्यावर बसल्यावर.

हंगाम संपला की निम्मी माणसं जातात. त्यांची खाती डिलीट करू नका, जुन्या नोंदी कोणी केल्या ते हरवतं. जँगोत खातं निष्क्रिय करायची सोय आहे, तीच वापरा. हंगामी माणसाच्या खात्याला सुरुवातीलाच शेवटची तारीख घाला. मोबाईल अ‍ॅपच्या टोकनमध्येच, म्हणजे लॉगिननंतर मिळणाऱ्या डिजिटल ओळखपत्रातच, रोल लिहून ठेवत असाल, तर इथे सर्व्हरवर काढलेली परवानगी टोकन संपेपर्यंत तिथे चालूच राहते. म्हणून त्याची मुदत थोडी ठेवा.

यंदा गेटवर नवा मुलगा आला. सुपरवायझर भाऊंनी स्वतः त्याचं खातं उघडलं, त्यालाच पिन टाकायला लावला, आपण तोंड फिरवून उभे राहिले, आणि मग पडद्यावर दराचा रकाना दिसत नाही ना, हे वाकून बघितलं.