स्पॅनिश शिकताय आणि एक सेमिस्टर स्पेनला करायचंय? मग आधी हे वाचा

स्पॅनिशमध्ये बीए-एमए करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात कधी ना कधी हा किडा वळवळतोच. माझ्याही वळवळला आणि मी सगळ्यात आधी काय केलं तर विमानाची तिकिटं बघत बसले! तिकीट सगळ्यात शेवटी. सप्टेंबरच्या सेमिस्टरला जायचं असेल तर आदल्या दिवाळीपासून लागा, एक्स्चेंजचे फॉर्म बऱ्याचदा उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच बंद होतात.

पहिलं काम, डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचारा की तिकडच्या कुठल्या विद्यापीठाशी आपला करार आहे का. असेल तर तिकडची ट्यूशन फी सहसा भरावी लागत नाही, इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या एक्स्चेंज योजनेतला करार असेल तर महिन्याचा भत्ताही मिळू शकतो. नसेल तर सगळं स्वतःच्या खिशातून. त्याच वेळी क्रेडिटचंही बोलून घ्या. तिकडे सेमिस्टरला साधारण 30 ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजायची पद्धत) क्रेडिट असतात, त्यातले कुठले पेपर इकडे धरणार ते सही-शिक्क्यानिशी लेखी घ्या. आमच्यातल्या एकीला "हो हो, होऊन जाईल" असं तोंडी सांगितलं होतं, परत आल्यावर बिचारीला दोन पेपर पुन्हा द्यावे लागले.

आता शहर, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. बार्सिलोना सगळ्यांना हवं असतं पण तिथे बरीच लेक्चरं कातालान या स्थानिक भाषेत होतात, म्हणजे स्पॅनिश शिकायला गेलात आणि समोर तिसरीच भाषा. व्हॅलेन्सिया, सांतियागो इथेही स्थानिक भाषेचा असाच प्रकार आहे, त्यामुळे प्रत्येक पेपरच्या माहितीत शिकवण्याची भाषा कुठली लिहिलीय ते बघाच. मला विचाराल तर सालामान्का. 1218 सालचं विद्यापीठ, गाव चालत फिरता येईल एवढं, आणि उच्चार वर्गात शिकलो तसेच कानावर पडतात. ग्रानादा स्वस्त आहे, ड्रिंक मागवलं की सोबत तापास, म्हणजे छोट्या प्लेटमधलं खाणं, फुकट येतात, पण तिकडची माणसं 'स' गिळतात. 'मास ओ मेनोस'चं (म्हणजे 'साधारण') 'मा ओ मेनो' होतं, पहिले पंधरा दिवस काही म्हणजे काही कळत नाही.

लॅटिन अमेरिकेचा विचारही करा की, स्पॅनिश म्हणजे फक्त स्पेन थोडीच. मेक्सिको सिटीत उनाम विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांसाठी खास केंद्र आहे. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'व्होस' आणि वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, म्हणजे आपल्या परीक्षांशी टक्कर. आणि हो, स्पेनमध्ये बस 'कोखेर' करतात, म्हणजे पकडतात, तेच क्रियापद मेक्सिकोत वापरलंत तर लोक खो खो हसतील, कारण तिकडे त्याचा अर्थ अश्लील होतो.

तिकडच्या मुलांबरोबर साहित्याचे पेपर करायचे तर स्पॅनिशची लेव्हल बी2 (मध्यमच्या वरची) तरी हवी. त्यासाठी देले ही स्पॅनिशची परीक्षा दिलेली बरी, ते सर्टिफिकेट कधी एक्स्पायर होत नाही, सिएले या दुसऱ्या परीक्षेचं पाच वर्षांत होतं.

पैसे आणि व्हिसा. 2025 च्या हिशोबाने खात्यात महिन्याला 600 युरो दाखवावे लागतात, म्हणजे पाच महिन्यांचे 3000. हा कागदावरचा किमान आकडा, माद्रिदमध्ये एवढ्यात भागणार नाही. राहणं 180 दिवसांच्या आत असेल तर पोलीस क्लिअरन्स आणि मेडिकल सर्टिफिकेटची कटकट वाचते. त्याहून जास्त असेल तर ते कागद काढा, त्यांचं अपोस्टिल (परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का), भाषांतर वगैरे करा, आणि पोचल्यावर महिन्याच्या आत तिये नावाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करा. हेल्थ इन्शुरन्स दोन्हीकडे लागतोच.

खोली इथे बसून बुक करू नका, फोटो बघून डिपॉझिट तर अजिबात पाठवू नका. आधी आठवडाभर हॉस्टेलवर राहा, खोल्या प्रत्यक्ष बघा. फ्लॅटमेट स्पॅनिश बोलणारेच शोधा, नाहीतर पाच महिने मराठी-हिंदीत गप्पा मारून परत याल.

व्हेज असाल तर 'सिन कार्ने' (मांस नको) एवढंच सांगून थांबू नका, कारण सॅलडमध्ये ट्यूना मासा येतो आणि वेटरच्या मते ट्यूना म्हणजे कार्ने नाहीच. 'सिन पेस्कादो, सिन आतून, सिन खामोन' (मासे नको, ट्यूना नको, हॅम नको) अशी अख्खी यादी म्हणून दाखवायची, मगच ऑर्डर द्यायची.