फिट येऊन गेल्यावर

फिट थांबली की माणूस लगेच ताळ्यावर येत नाही. पुढचे काही तास डोकं जड राहतं, अंग ठणकतं, शब्द सापडत नाहीत. झोप येते, ती येऊ द्यावी, मात्र कुशीवर. कांदा-चप्पल हुंगवायच्या भानगडीत पडू नका. नाव-गाव नीट सांगता येईपर्यंत पाणीसुद्धा पाजू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं. जीभ चावली असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा, आणि तिखट रस्सा दोन दिवस बंद.

आपल्या सांगलीकडं खरी अडचण शेतीपंपाच्या रात्रीच्या लाईटची. उसाला पाणी पाजायला मध्यरात्री उठायचं म्हणजे झोपेचं खोबरं, आणि अपुऱ्या झोपेनं फिट ओढवते. रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात दारं धरायला, म्हणजे सरीत पाणी वळवायला, भावाला पाठवा. विहिरीवर, कृष्णेच्या घाटावर एकट्यानं जाऊ नका. न्हाणीघराला आतून कडी नको. मोटरसायकल डॉक्टर हो म्हणेपर्यंत दारातच.

गोळी चुकली होती का, फिट किती मिनिटं चालली, हे घरच्यांना विचारून वहीत लिहा. चुकली असली तरी मनानं दोन गोळ्या एकदम घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा. फिट ५ मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर थेट १०८.