घरचं करताय, वाटताय? मग या चुका टाळा

मे संपत आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेच ते सुरू होतं. "लोणच्याला बुरी आली, काय करू", "कुरडई फुलतच नाही", "बायोएन्झाइमला घाण वास मारतोय". आणि खाली उत्तरं पण तीच, त्यातली अर्धी चुकीची. म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय, पुढच्या वर्षी कोणी विचारलं की नुसतं हेच पाठवणार.

मी काही सुगरणीच्या वंशातला नाही. नाशिकच्या अंबडला कारखान्याच्या टूलरूममध्ये 28 वर्षं काढली, आई गेल्यावर तिच्या दोन चिनी मातीच्या बरण्या माझ्याकडे आल्या, बायकोची नोकरी फिरतीची, मग लोणचं, कुरडया, साबण हे खातं हळूहळू माझ्याच गळ्यात पडलं. बाजारातून कमी आणायचं, जमेल ते घरी करायचं आणि त्यातलं चार घरी द्यायचं, एवढाच आमचा कारभार. त्यातही मी मार खाल्लाय आणि आता बाकीच्यांना खाताना बघतोय.

साधं राहायचं म्हणून खरेदी

"आता साधं राहायचं" असं ठरलं की लोक पहिलं काय करतात तर मोबाइल उघडून ऑर्डर टाकतात. लाकडी झाकणाच्या 12 काचेच्या बरण्या, कापडी पिशव्यांचा सेट, वाळवायचं इलेक्ट्रिक मशीन. अहो, नाशिकमध्ये एप्रिलचं ऊन गच्चीवर फुकट पडलेलं असतं, मशीन कशाला! मी या नादात नवीन घेतलेली एकच वस्तू म्हणजे वजनकाटा. तो मात्र घ्याच, कारण "मूठभर मीठ" हे आईच्या मुठीला चालत होतं, आपल्या मुठीचा काही भरवसा नाही. चमच्याचाही नाही, एक चमचा जाडं मीठ आणि एक चमचा बारीक मीठ काट्यावर ठेवून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय. बरण्या हव्याच असतील तर आधी आत्या-मावशीच्या माळ्यावर शोधा, तिथे हमखास निघतात, नाहीतर भांडी बाजारात एक चक्कर मारा.

लोणचं आणि पाणी

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः केलीय आणि तीसुद्धा 11 घरांत वाटून.

2019 चा जून. आमच्याकडे पहिला पाऊस पडला की लोणच्याची कैरी घ्यायची हा आईचा नियम, तेव्हा कैरी भरलेली असते आणि कोय टणक झालेली असते, त्यामुळे फोड कडक राहते. रविवारी सकाळी भाजी बाजारात गेलो, 6 किलो कैरी घेतली, तिथेच अडकित्त्यावर फोडून घेतली. तो माणूस खटाखट फोडत होता, त्याच्या पाटावर आदल्या गिऱ्हाइकाचा चिकटा, माती, सगळं. घरी येईपर्यंत पिशवीवर भुरभुर पाऊस. मला ते काही बघवेना, म्हणून काय केलं तर फोडी नळाखाली धुतल्या. झालं, इथेच गाडी घसरली. कैरी धुवायची ती अख्खी असताना, फोडल्यावर नाही, फोडीचा पांढरा गर स्पंजसारखा पाणी पितो आणि ते पाणी वरून पुसून निघत नाही. मी पंखा लावला, तासभर फोडी पसरल्या, हाताला कोरड्या लागल्या म्हणून म्हटलं चला. दुपारी मॅच होती, तोपर्यंत उरकायचं होतं. तेल कडकडीत तापवलं पण पूर्ण गार व्हायच्या आधीच ओतलं आणि वाफ धरलेलं लोणचं प्लॅस्टिकच्या बरण्यांत भरून झाकणं घट्ट लावली. संध्याकाळी छाती फुगवून 11 घरी पोचवलं सुद्धा, प्रत्येक दारात "घरचं आहे हं" असं म्हणून.

नवव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा फोन. "अरे, तुझ्या लोणच्याला मिशा आल्यात."

मग काय, घरोघरी जाऊन बरण्या परत गोळा केल्या. सगळीकडे तेच, वरती पांढरी बुरी, दोन ठिकाणी हिरवी. एका घरी मात्र वहिनी म्हणाल्या, "अय्या, आमचं तर संपलं पण, फार छान होतं." मागे ओट्यावर माझी बरणी घासून पुसून ठेवलेली, आत धणे भरलेले. अर्धा किलो लोणचं नऊ दिवसांत संपत नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. चहा मात्र पाजला.

तर आता मी असं करतो. कैरी आदल्या रात्री अख्खीच धुऊन, जुन्या सुती कापडाने एकेक पुसून पसरून ठेवतो. सकाळी स्वतःचं फडकं घेऊन बाजारात फोडायला नेतो, तिथला पाट आधी त्याने पुसायला लावतो, तो वैतागतो, वैतागू दे. घरी आल्यावर कोयीतली बी आणि तिच्याभोवतीचा पातळ पापुद्रा काढायचा, फोडी कोरड्या फडक्याने पुसायच्या, बास. किलोभर फोडींना 200 ग्रॅम मीठ, काट्यावर मोजून. "मीठ कमी टाकलं तर तब्येतीला बरं" असं म्हणणाऱ्यांनी लोणचंच कमी खावं, बरणीतलं मीठ कमी करू नये, कारण तिथे ते चवीला नसतं, राखणीला असतं. तेल धूर निघेपर्यंत तापवून पूर्ण गार, म्हणजे पातेल्याला बाहेरून हात लावला तर काही कळू नये इतकं गार. पहिले चार दिवस मोहरीची डाळ तेल पिते आणि फोडी उघड्या पडतात, तेव्हा पुन्हा तापवून गार केलेलं तेल वरून घालायचं, फोडींवर बोटभर तेल दिसलं पाहिजे. बरणीच्या तोंडाला दादरा, म्हणजे सुती फडकं, बांधायचा आणि तीन आठवडे कोणालाही द्यायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, दम धरा. आधी आपल्या घरात मुरू दे, टिकू दे, मग वाटा.

बुरी आलीच तर वरचं वरचं काढून खालचं वापरू नका, बुरीचे तंतू खाली दिसत नाहीत पण गेलेले असतात. टाकून द्या, रडा थोडं, पुढच्या वर्षी करा.

आणि हे असलं बुरशी काढलेलं लोणचं किंवा वास आलेलं फरसाण कामाच्या मावशींना "घेऊन जा, चांगलंय अजून" म्हणून देणारी माणसं मी पाहिलीत. ते दान नाही, कचरा उचलायचं काम आहे, आणि त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात.

बायोएन्झाइमचा बार

बायोएन्झाइम म्हणजे साली आंबवून घरी केलेलं साफसफाईचं पाणी. प्रमाण साधं आहे, 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम लिंबू-मोसंबीच्या साली, 1 लिटर पाणी, तीन महिने. साली रसवाल्याकडे फुकट मिळतात. चूक एकच आणि सगळे करतात, काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून झाकण आवळून ठेवतात, दिसायला छान म्हणून. आत आंबताना गॅस होतो, पहिल्या महिन्यात तर भरपूर. मी दिंडोरीला लग्नाला गेलो चार दिवस, येऊन बघतो तर बाल्कनीत काचा, भिंतीवर मोसंबीच्या साली चिकटलेल्या आणि मुंग्यांची रांग थेट हॉलपर्यंत. शेजारचे म्हणाले, आम्हाला वाटलं सिलेंडरच फुटला. नशीब, कोणी तिथे बसलं नव्हतं. कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली घ्या, पाऊण भरा, पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडा. बाहेरगावी जायचं असेल तर झाकण सैलच ठेवून जा. आंबूस वास येणारच, सडका आला तर ओता. आणि हे किंवा व्हिनेगर कधीही ब्लीचबरोबर मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, गंमत नाही ती.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून "बघा कसा फेस येतो" हे व्हिडिओ पण बंद करा. एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना संपवतात आणि खाली उरतं ते बिनकामाचं पाणी. वेगवेगळं वापरा.

साबण

तीस सेकंदांचं रील बघून कॉस्टिकला, म्हणजे साबणाला लागणाऱ्या कॉस्टिक सोड्याला, हात लावू नका, एवढंच सांगायचं होतं पण लोक ऐकत नाहीत म्हणून थोडं पुढचं. कॉस्टिक पाण्यात हळूहळू घालायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, उसळतं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन सुटतो, स्टीलचं घ्या. हातमोजे, चष्मा, पोरं घराबाहेर. 1 किलो खोबरेल तेलाला 183 ग्रॅम कॉस्टिक पुरा पडतो, मी पाच टक्के कमीच घेतो, म्हणजे 174, आणि इथे अंदाजपंचे चालत नाही. चार ते सहा आठवडे वड्या हवेशीर जागी ठेवायच्या. नुसत्या खोबरेलाचा हा साबण अंगाला कोरडा पडतो, मी भांड्या-कपड्यांपुरताच करतो आणि वाटत नाही. पहिल्याच खेपेचे साबण रिबीन बांधून दिवाळीला वाटणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

रिठ्याचं पाणी करत असाल तर दोन दिवसांपुरतंच करा, आंबतं.

कुरडई न फुलण्याचं कारण दहातल्या आठ वेळा गहू कमी भिजलेला असतो. तीन दिवस, रोज पाणी बदलून. दीड दिवसात होत नाही, कितीही घाई असली तरी. उरलेल्या दोन वेळा चीक, म्हणजे भिजल्या गव्हाचं सत्त्व, कच्चा शिजलेला असतो. आणि एप्रिलातच उरका, मे मध्ये दुपारी वळीव आला की गच्चीवर बादल्या-चादरी घेऊन पळापळ ठरलेली.

मनुका घरी करायच्या असतील तर हंगाम संपताना स्वस्त झालेली द्राक्षं घ्या, 4 किलोत साधारण किलोभर होतात. तशीच उन्हात टाकली तर बरेच दिवस फुगलेलीच राहतात कारण सालीवर मेणासारखा थर असतो. उकळत्या पाण्यात बुडवून लगेच काढा, सालीला बारीक चिरा दिसल्या की बास, मग सावलीत, हवेशीर.

जुन्या साड्यांचं पण एक सांगतो. सुती साडी बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घ्यायचा आणि मग ऑनलाइन "इको" पुसणी मागवायची, हे गणित मला कधी कळलं नाही. सुती तेवढी ठेवा, गोधडीला, दादऱ्याला, फडक्यांना. सिंथेटिक पाणी टिपत नाही, ती खुशाल द्या.

देताना होणारी चूक

आता हे जरा लांबेल. देणारे लोक, त्यात मी पण आलो, आपल्याला जे करायला आवडतं ते देतात. समोरच्याला काय पाहिजे हे विचारायचं सुचतच नाही.

आमच्या पहिल्या मजल्यावर एक काका राहतात, एकटे, वय ऐंशीच्या पुढे. दिवाळीला त्यांच्याकडे सगळ्या बिल्डिंगचा फराळ जातो, सात-आठ डबे, वर माझे बेसनाचे लाडू. चार-पाच वर्षं मी नेमाने देत होतो आणि प्रत्येक वेळी विचारत होतो, "कसे झालेत काका?" ते म्हणायचे, "उत्तम." एकदा जानेवारीत त्यांचा गीझर बघायला गेलो तर फ्रिजवर माझा डबा, लाडू तसेच, मोजून तेवढेच. काकांना शुगर आहे हे मला माहीत नव्हतं. चार-पाच वर्षांत मी विचारलंच नव्हतं! मी ओशाळलो, ते पण ओशाळले, मग जरा वेळाने म्हणाले, "एक सांगू का, रागावू नका. लाडू नको, मला दळण आणून द्याल का? ज्वारीचा डबा घेऊन जिना चढवत नाही आता."

गिरणी आमच्या कोपऱ्यावर आहे. मी रोज तिच्यावरून जात होतो.

तेव्हापासून मी देण्याआधी विचारतो, सरळ. गोड चालतं का, तिखट चालतं का, किती जणं आहात. थोडंच देतो, वाटीभर, अर्धा किलो देऊन समोरच्याच्या फ्रिजवर ओझं टाकत नाही. डब्यावर चिकटपट्टीवर तारीख लिहितो. आणि "कसं झालं होतं" हे विचारणं पूर्ण बंद, चांगलं असेल तर लोक आपणहून सांगतात, नसेल तर तुम्ही त्यांना खोटं बोलायला लावताय. डबा परत आला का याचा हिशोबही ठेवत नाही. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, त्यामुळे काही जणं बिचारी डब्यात काय घालू या विचारातच महिनाभर डबा ठेवून घेतात. अशांना मी जामच्या जुन्या बाटलीतच देतो आणि बाटली ठेवून घ्या म्हणतो, सुटतात.

काकांचं दळण दर पंधरा दिवसांनी असतं. पैसे आधीच मोजून झाकणावर ठेवलेले असतात, सुट्टे, ते मी घेतो, नाही म्हटलं तर पुढच्या वेळी डबाच बाहेर ठेवणार नाहीत. फक्त सुरुवातीला दोनदा पीठ गिरणीतून आणल्या आणल्या झाकण लावून दिलं आणि दोन्ही वेळा आतून घाम धरून गाठी झाल्या. गरम पिठावर झाकण लावू नका, परातीत पसरून पूर्ण गार करा, मगच भरा.