इंटरअर्बनचं मॉडेल करताय? आधी वर बघा: या चुका टाळा

इकडे अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये हिवाळा लागला की मॉडेल रेल्वेची प्रदर्शनं सुरू होतात, आणि त्यात एखादं तरी इंटरअर्बनचं मॉडेल हमखास असं दिसतं: हॉटेल तयार, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान तयार, दुकानाच्या पाटीवर दिवासुद्धा लागतो, विटांच्या रस्त्यात रूळ बसलेत, आणि वर आकाश मोकळं. "तार शेवटी लावणार आहोत," असं मालक सांगतो. पुढच्या हिवाळ्यात जा, दुकानं वाढलेली असतात. तारेचा पत्ता नसतो.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इंटरअर्बन म्हणजे गावागावांना जोडणारी विजेची गाडी. गावात ट्रामसारखी रस्त्यातून जायची, गाव संपलं की मक्याच्या शेतातून आगगाडीसारखी सुसाट. ओहायो आणि इंडियानात तर त्यांचं जाळंच होतं. 1916 च्या सुमारास अमेरिकेत 15,000 मैलांहून जास्त मार्ग होते. मोटारी आणि पक्के रस्ते आले आणि दोन-तीन दशकांत बहुतेक सगळं उखडलं गेलं. मुंबईची ट्राम 1964 पर्यंत होती. ती पाहिलेलं घरात कोणी असेल तर विचारा, टपावरचा तो दांडा त्यांना नक्की आठवेल. तोच ट्रॉली पोल. स्प्रिंगच्या जोराने तो तारेला खालून दाबून धरतो आणि वीज घेतो. मॉडेलमधल्या निम्म्या कटकटी त्या टोकाशी सुरू होतात.

तार शेवटी ठेवणं, आणि फोमचा पाया

तार शेवटी लावायची ठरवलं की पायाही तसाच निवडला जातो. गुलाबी इन्सुलेशन फोम हलका असतो, सुरीने कापता येतो, नदी-नाले कोरता येतात. डोंगरातल्या वाफेच्या गाडीला तो ठीक आहे. इंटरअर्बनला नाही. ताणलेली तार वळणावर प्रत्येक खांबाला आत ओढते, दिवसरात्र, गाडी चालत असो वा नसो. फोममधलं भोक हळूहळू लांबट होतं, खांब कलतो, तार सैल पडते, आणि मग मालक तार आणखी ताणतो. झालं, पुढचा खांब कलतो. एपॉक्सी ओतून काही होत नाही. खांब एपॉक्सीला घट्ट राहतो आणि एपॉक्सीचा गोळाच फोमसकट हलतो.

खांबांच्या रांगेखाली लाकडाची जाड पट्टी हवी. फोम वापरायचाच असेल तर वरच्या देखाव्याला वापरा, पण खांबाचं भोक लाकडात जाऊ दे. आणि खांब ओळंब्यात उभे करू नका. खरे खांबही रुळापासून थोडे बाहेर कललेले रोवत, म्हणजे तारेचा ताण आला की ते सरळ दिसतात. मी भोकं पाडताना ड्रिल किंचित तिरकं धरतो. त्याचा कोन मोजत नाही, डोळ्याला बरा वाटला की बास.

खांबांमधलं अंतरही अंदाजपंचे ठेवू नका. सरळ मार्गावर खऱ्या खांबांत साधारण 100 फूट असायचे, म्हणजे एचओ स्केलला (खऱ्याच्या 87व्या हिश्श्याच्या मॉडेलला) 35 सेंटीमीटर. वळणावर त्याहून बरेच जवळ. उघड्या मार्गावर तार रुळापासून 22 फुटांवर धरली तर एचओला ती 77 मिलिमीटर येते. मी तेवढ्या उंचीचा लाकडी ठोकळा करून ठेवलाय, तो रुळावर सरकवत तार तपासतो. वळणावर तार रुळांच्या बरोबर मध्यावर नको, थोडी आतल्या बाजूला हवी, कारण पोलचं टोक आत झुकतं.

खालून दिलेला कथलाचा डाग

दोन खांबांमध्ये रुळांवरून ताणलेल्या आडव्या तारेला मुख्य तार जोडताना कथील नेहमी खालच्या बाजूला ओघळतं आणि तिथे बाजरीएवढा गोळा राहतो. डोळ्याला दिसत नाही. पोलला मात्र तो दगडासारखा लागतो आणि टोक तारेवरून उडतं. मग लोक स्प्रिंग घट्ट करतात, गाडीत वजन भरतात, रुळांना दोष देतात. डाग वरून द्या, कथील जेमतेम लावा, आणि गार झाल्यावर तारेखालून नख फिरवा. नख अडखळलं की बारीक कानस. फॉस्फर ब्राँझची तार घ्या. घरातल्या वायरमधलं तांबं सोलून वापरणारेही भेटलेत. ते ताणलं की लांबतं आणि मग लोंबतच राहतं.

सांध्यावरचा फ्रॉग

रुळाला जिथे फाटा फुटतो त्या सांध्यावर तारेलाही फाटा लागतो, आणि तिथे पोलच्या टोकाला वाट दाखवणारा धातूचा तुकडा म्हणजे फ्रॉग. नवखे तो बरोबर सांध्याच्या टोकावर टांगतात. पण पोलचं टोक गाडीच्या मागे येतं, त्यामुळे गाडी वळायला लागून पोल तिरका झाला की मगच टोकाला फाटा मिळायला हवा. म्हणून फ्रॉग थोडा पुढे, दोन मार्ग फाकतात त्या बाजूला लागतो. यासाठी आकृत्या आणि सूत्रं आहेत. मी पोलच्या टोकाला पेन्सिलीचं शिसं बांधतो, वर कार्ड धरतो आणि गाडी हाताने ढकलतो, एकदा सरळ, एकदा वळणावर. दोन रेषा जिथे फुटतात तिथे फ्रॉग.

पोल पुढे ठेवून गाडी मागे घेणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. पोल नेहमी मागे झुकलेला हवा, गाडीने ओढला जाणारा. दिशा बदलली की एक पोल खाली बांधायचा आणि दुसरा वर करायचा. खऱ्या गाडीवरही पोल पुढे ठेवून जायची वेळ आलीच तर कोणीतरी दोरी हातात धरून पावलापावलाने जायचं.

एका शाळेच्या जिममधलं प्रदर्शन, रविवारची गर्दी. कंट्रोलरवर एक हौशी तरुण होता, मालगाडीचं छोटं विजेचं इंजिन घेऊन यार्डात डबे लावत होता. मी म्हटलं, पोल बदल. तो म्हणाला, "काका, दोन फूट मागे घ्यायचीये, तेवढ्यासाठी कशाला?" दोन फुटांत एक फ्रॉग होता. टोक फ्रॉगवरून सुटलं, वर उसळलं आणि पलीकडच्या आडव्या तारेत अडकलं. पोल पुढे असल्यामुळे गाडी थांबेना, उलट टेकू लावल्यासारखी तार वर उचलत गेली. फ्रॉग निखळला, तार रुळांवर पडली, वीज चालू, शॉर्ट झाला आणि अख्खा लेआउट ठप्प. पुढच्या रांगेतली पोरं खूश. त्यांना वाटलं अपघाताचा खेळ आहे. पठ्ठ्याने लोकांसमोरच घाईघाईत डाग द्यायला घेतला आणि बाजूची चांगली तारही तापवून मऊ केली.

तेव्हापासून आमच्या टेबलावर पितळी आकडा लावलेली काडी कंट्रोलरलाच बांधलेली असते. आकडा हातात घेतल्याशिवाय दिशेच्या बटणाला हात लावायचा नाही. नियम जाचक वाटत असेल त्याने खुशाल सजावटीच्या कामाला जावं.

बाकीच्या, थोडक्यात

नॉर्थ शोअर लाइनची इलेक्ट्रोलायनर ही इंटरअर्बन गाडी 1941 ची. तिच्याभोवती नव्याकोऱ्या मॉडेल टी मोटारी उभ्या करू नका, त्यांचं उत्पादन 1927 लाच थांबलं. इंडियानाच्या शेतात रेड कार ही लॉस एंजेलिसची इंटरअर्बन नको. शिकागो-इंडियानाची साउथ शोअर ही गाडी 1926 पासून 1,500 व्होल्ट डीसीवर, पँटोग्राफने (दांड्याऐवजी टपावरच्या घडीच्या सांगाड्याने) चालते (मुंबईची लोकलही 1925 ला त्याच दाबावर सुरू झाली होती). तिच्या टपावर ट्रॉली पोल बसवलेला पाहिला की मी पुढच्या टेबलाकडे जातो. शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन या इंटरअर्बनचं मॉडेल करत असाल तर तिच्या मुख्य मार्गाला तारेऐवजी वीज देणारा तिसरा रूळ होता, आणि रस्ता ओलांडतो तिथे तो तुटलेला दाखवा.

तारेतून वीज घेत असाल तर दोन्ही रूळ एकत्र जोडून टाका. मग गाडी गोल फिरून त्याच रुळावर उलट परत येते त्या वळणालाही वेगळी वायरिंग लागत नाही. ओ स्केलचे (खऱ्याच्या 48व्या हिश्श्याचे) 32 मिलिमीटर रूळ हिशोबाने पाच फुटी गेजचे, म्हणजे खऱ्याहून रुंद होतात यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी तेवढ्या वेळात दहा खांब रोवले असते.

रस्त्यातल्या विटांचं प्लास्टर रुळाच्या डोक्याहून केसभर खाली ठेवा, नाहीतर रूळ पुसताच येणार नाही. तार पुसायला अल्कोहोल लावलेलं सुती कापड दोन बोटांत धरून एकाच दिशेने न्या. रूळ घासायचा रबर तारेवर फिरवलात तर त्याचा चुरा खाली गावभर पडतो आणि तोही तुम्हालाच झाडावा लागतो.